वीस गुणांचं घराणं

मुलींचं वसतिगृह, अक्रा
२० ऑक्टोबर १९७०

प्रिय मामा,

पोहोचले, वेळेवर जेवते आहे आणि ताप आलेला नाही. आईनं विचारायला सांगितलेले तिन्ही प्रश्न संपले, आता माझं ऐका.

मला इंग्रजी साहित्य हवं होतं, ते मिळालं नाही. नाव नोंदवायच्या रांगेत माझा नंबर लागला तोवर तिथल्या जागा भरल्या होत्या. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, इतिहासात भरपूर जागा आहेत. का आहेत ते आता कळतंय. पहिल्या वर्षाला 'आफ्रिकेच्या इतिहासाची ओळख' हा एकच मोठा विषय. ओळख म्हणजे काय, तर माणूस दोन पायांवर उभा राहिला तिथपासून आपल्या स्वातंत्र्यापर्यंत सगळं जूनच्या आत उरकायचं. लार्बी सर शिकवतात. सोमवारी इजिप्त झालं. गुरुवारी मला शिंक आली, रुमाल शोधेपर्यंत दोनशे वर्षं गेली. शेजारणीला विचारलं तर तिचीही गेली होती. एकशे वीस जणांचा वर्ग आहे. आपल्या गावच्या द्वुमफूर यांचा भाचा सेफाही आहे त्यात. गावात कधी तोंड वर करून बोलला नाही, इथं माझ्या वह्या मागतो.

एक गोष्ट मात्र मला आवडली. सर म्हणाले, राजे आणि साम्राज्यं मी सांगेन, पण तुमच्या घराचा इतिहास मला येत नाही. नाताळच्या सुट्टीत घरी जा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर बसा, आणि जे सांगतील ते नावांसकट लिहून आणा. नाव नाही तर इतिहास नाही, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्याला वीस गुण आहेत. मी पोकुआ आजीला विचारलं तर चालेल ना? तुमच्या परवानगीशिवाय विचारणार नाही.

तुमची भाची,
आफुआ बिरागो


न्सुआसो
८ नोव्हेंबर १९७०

आफुआ, आमच्या पंडिते,

तुझं पत्र कोकोच्या शेंगा फोडायला बसलेल्या बायांना वाचून दाखवलं. शिंकेचं त्यांना इतकं आवडलं, की आता कुणी शिंकलं की म्हणतात, गेली दोनशे वर्षं. मी तीस वर्षं मास्तरकी केली. एका तासात एक राजा मारायचा तरी माझा घसा बसायचा. तुझे सर आठवड्याला एक साम्राज्य बुडवतात म्हणजे तब्येतीनं दणकट असणार.

पोकुआ मावशीला मी तुझं सांगून ठेवलंय. तिनं विचारलं, पोरगी लिहून घेणार म्हणजे माझ्याकडे बघणार की कागदाकडे? येताना तिच्यासाठी तपकीर आण. तिकडची बारीक असते म्हणे.

आता एक ऐक, आणि हे थट्टेत घालवू नकोस. आपल्याकडे कुणी कुणाचं मूळ काढत नाही. कोण कुठून आलं, कुणाला कुणी आणलं, हे विचारायचं नाही, आणि कानावर आलंच तर तोंडातून काढायचं नाही. जो काढेल त्याला मेंढी आणि दारूची बाटली असा दंड आहे, आणि ऐकणाऱ्यांनी ते ऐकलंच नाही असं वागायचं. घरात आलेलं माणूस घरचंच राहावं म्हणून पूर्वजांनी हे घालून दिलंय. तेव्हा लढाया लिही, शेतं लिही, आपण कुठल्या नदीकाठून इथं आलो ते लिही. त्यापुढे काही निघालं तर पेन्सिल खाली ठेव.

बोआदी आजोबा आता अंथरुणातून उठत नाहीत. त्यांच्यामागे घराण्याचा कारभारी कोण, याची कुजबुज आत्ताच सुरू झाली आहे, आणि जास्त जण माझं नाव घेतात. द्वुमफूरला ते पचत नाही. त्यालाही ती जागा हवी आहे. आणि मला? तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मलाही हवी आहे. कुणाला कुठलं शेत, कुणाचं लग्न कुठं, कुणाची माती कुठं, सगळं कारभाऱ्याच्या शब्दावर चालतं. गेली वीस वर्षं त्या शब्दाची वाट लागलेली मी बघतोय. मला वाटतं मी ते नीट करीन.

बाकी तू आलीस की बोलू.

क्वाकू मामा


अक्रा
२४ जानेवारी १९७१

प्रिय मामा,

तुम्ही बांधून दिलेला सुका मासा आमच्या खोलीत दोन दिवस टिकला, तोही तिसऱ्या दिवशी वास येईल या भीतीनं संपवला. सुट्टीत तुम्ही शेतावर असायचात म्हणून नीट बोलणं झालं नाही, याची चुटपुट लागून राहिलीय.

निबंध दिला. आजीनं पुष्कळ सांगितलं. रोज दुपारी आम्ही शेंगदाणे सोलत बसायचो, आणि मी कागदाकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होते, हे तिला विचारून घ्या.

मला वीसपैकी एकोणीस मिळाले. वर्गात सगळ्यात जास्त. लार्बी सरांनी माझा निबंध यंत्रावर छापून घेऊन नमुना म्हणून सगळ्यांना वाटला. इतकी वर्षं शिकवतोय, पण घरातलं माणूस असं कागदावर आलेलं मी पाहिलं नव्हतं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मला आनंद झाला. व्हायला पाहिजेच ना. पण खोलीवर आल्यावर माझ्याच निबंधाची प्रत ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली, का ते मला माहीत नाही. आता सर्वांकडेच ती आहे.

तुमची,
आफुआ


न्सुआसो
१४ फेब्रुवारी १९७१

पोरी,

एकोणीस. त्या विसाव्या गुणानं तुझ्या सरांचं काय घोडं मारलं होतं ते विचारून ठेव. रविवारी प्रार्थनेनंतर मी तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझी आई आधी रडली आणि मग मला म्हणाली, दादा, एवढं मोठ्यानं कशाला वाचता.

बोआदी आजोबा परवाच्या बुधवारी गेले. सुटले बिचारे. चाळिसाव्या दिवसाच्या आत, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, घराण्याची बैठक आहे आणि त्यात नवा कारभारी बसवायचा. मामी आत्ताच माझं कापड इस्त्री करून ठेवते आहे. मी तिला म्हटलं, अजून महिना आहे, तोवर ते उंदीर खातील.

तर आता माझं काम. निबंधाची एक प्रत पाठव. बैठकीत सुरुवातीला मी ती वाचणार. द्वुमफूर सगळ्यांना सांगत फिरतो की क्वाकू मास्तरानं घराण्यासाठी काय केलं? मी म्हणणार, हे बघा, माझ्या बहिणीच्या मुलीनं आपलं घराणं विद्यापीठात नेऊन बसवलं. आपल्यात घराणं आईकडून चालतं, म्हणजे तुझे एकोणीस गुण माझ्याच खात्यात जमा. लवकर पाठव. पोस्टानं आठ दिवस लागतात आणि तुझा आळस धरून बारा.

मामा


अक्रा
२६ फेब्रुवारी १९७१

प्रिय मामा,

आजोबांचं वाचून वाईट वाटलं. ते मला लहानपणी नेहमी कोलाचं कडू बी चघळायला द्यायचे आणि मी थुंकले की हसायचे, तेवढंच मला आठवतं.

निबंधाची प्रत पाठवता येत नाही. यंत्राची शाई संपली आहे आणि माझ्याकडे होती ती एका मुलीनं नेली ती परत आणलेली नाही. आणि मामा, तो बैठकीत वाचू नका. तो परीक्षेसाठी लिहिलेला आहे, आपल्या लोकांना ती भाषा रुक्ष वाटेल. तुम्ही तुमच्या तोंडानं जे बोलाल ते त्याहून चांगलं असेल.

या आठवड्यात आम्ही गुलामांच्या व्यापारापाशी आलो. सरांनी जहाजं किती, माणसं किती, कुठल्या किल्ल्यातून किती गेली ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या शतकाला लागले. मी हात वर केला आणि विचारलं, समुद्रापर्यंत गेलेच नाहीत, वाटेतच कुणाच्या तरी घरात राहिले, त्यांचं काय? सर म्हणाले, तूच तर ते लिहिलंस. सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडे बघितलं. सेफासुद्धा.

मामा, ते मूळ न काढण्याचं तुम्ही म्हणाला होतात, ते अजून कुणी मानतं का? म्हणजे आत्ता, या दिवसांत? सहज विचारते आहे.

आफुआ


न्सुआसो
२१ मार्च १९७१

आफुआ,

तू सहज विचारलं होतंस, तर उत्तर असं की मानतात.

बैठक गेल्या रविवारी झाली. अंगण भरलं होतं, मी ते इस्त्रीचं कापड नेसून बसलो होतो. आलेल्यांना पाणी देऊन झालं, पूर्वजांना दारू वाहून झाली, आणि वडीलधाऱ्यांनी माझं नाव उच्चारलं. तेव्हा द्वुमफूर उठला. म्हणाला, मास्तरांच्या भाचीनं विद्यापीठात आपल्या घराण्याचं नाव काढलं असं आपण चर्चमध्ये ऐकलं, तेव्हा तिनं काय लिहिलं तेही ऐकू या. आणि सेफाला पुढे केलं. तो खास त्यासाठी आला होता. हातात छापील कागद.

माझ्या तोंडावर हसू होतं, हे मला आता आठवतं. मला वाटलं, बरं झालं, कुठून तरी प्रत आली.

त्यानं लढाई वाचली, नदी वाचली. मग वाचलं, की आमच्या घराण्यातली एक शाखा घराण्याच्या रक्ताची नाही. सालागाच्या बाजारातून मीठ आणि कोला देऊन एक उत्तरेकडची मुलगी विकत आणली गेली, तिला घरचं नाव मिळालं, आणि तिच्या पोटची सगळी त्या शाखेत आली. तिचं मूळ नाव अझुमा. तिची मुलगी अमुक, तिच्या मुलींपैकी एक पोकुआ. पोकुआच्या बहिणीचा मुलगा क्वाकू, शिक्षक. पुढे वाचायची गरज नव्हती. विकत आणलेल्या बाईच्या पोटचा माणूस घराण्यात जेवतो, राबतो, पुरला जातो. त्याला कारभारी करत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर कुणाचं मूळ कुणी काढत नाही.

मग वडीलधाऱ्यांपैकी म्हाताऱ्या अदुसेईनं काठी आपटली आणि म्हणाला, द्वुमफूर, मूळ काढलंस, मेंढी आण. द्वुमफूर म्हणाला, मी कुठं बोललो? कागद बोलला. कागदाला कुणी सांगितलं ते शोधा, आणि मेंढी त्याच्याकडून घ्या. त्यावर तीन तास वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. कागद खोटा असेल तर द्वुमफूर मेंढी देईल आणि मी बसेन. खरा असेल तर तो कुणी सांगितला ते समोर यावं. पाच आठवड्यांची मुदत आहे.

कुणी सांगितलं हे मी तुला विचारत नाही. घरात ऐंशीच्या पुढचं माणूस एकच आहे. तिला उद्या सगळ्यांसमोर उभं करून, तू मूळ का काढलंस असं विचारतील. तिला हे अजून नीट समजलेलं नाही. त्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून ती आतच होती.

खरं की खोटं हेही मी विचारत नाही. फक्त एवढं सांग, हे तू लिहिलंस का? की तुझ्या सरांनी त्यात काही घातलं?

मामा


अक्रा
२८ मार्च १९७१

मामा,

मी लिहिलं. सरांनी एक शब्दही घातलेला नाही.

मी खोटं बोलले. शाई संपली नव्हती, प्रत कुणी नेली नव्हती. ती ट्रंकेत होती आणि आहे. सेफाकडेही आहे हे मला माहीत होतं, आणि तो गावी जाईल हे डोक्यात येऊनही मी विचार करायचा टाळला.

आजीनं ते मला शेवटच्या दुपारी सांगितलं. आधी तिनं माझ्या हातातून वही काढून घेतली. म्हणाली, हे कागदासाठी नाही, तुझ्यासाठी आहे, माझ्यामागे एकाला तरी माहीत असावं. मी खरंच पेन्सिल खाली ठेवली होती, मामा. वसतिगृहात येऊन पुन्हा उचलली. माझ्याकडे लढाई होती, नदी होती, आणि सेफाच्या निबंधातही तीच लढाई आणि तीच नदी होती. वर्गातल्या निम्म्या मुलांकडे तसलीच एखादी लढाई होती. अकरा-बारा गुण पडले असते. मग मी ते लिहिलं. आधी नावं घातली नव्हती. मग फळ्यावरच्या त्या दोन रेघा आठवल्या आणि घातली. तुमचंही घातलं. म्हणजे ते आजपर्यंत कसं आलं हे सरांना कळावं म्हणून. शिक्षक, असंही लिहिलं, कारण मला अभिमान वाटत होता.

लिहिताना मला लाज वाटली नाही, हे सगळ्यात वाईट. मला वाटलं मी काहीतरी मोठं करते आहे.

सोबत वडीलधाऱ्यांना पत्र पाठवते आहे. त्यात मी लिहिलं आहे, की अझुमा नावाची कुणी बाई नव्हती, जास्त गुण मिळावेत म्हणून मी ती मनानं रचली, आणि मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही. खाली सही आणि अंगठाही आहे. हे सेफा इथं येऊन सरांना सांगणार हे मला ठाऊक आहे, आणि रचून लिहिणाऱ्याचं इथं काय करतात तेही. तुम्ही त्याचा विचार करू नका. तुम्हाला जागा मिळायला हवी, आणि आजीला कुणी काही विचारायला नको. मला दुसरा रस्ता दिसत नाही.

मला माफ करा असं लिहायचं धाडस होत नाही.

आफुआ


न्सुआसो
२ मे १९७१

आफुआ,

तुझं पत्र मी वडीलधाऱ्यांना दिलं. अदुसेईनं ते सगळ्यांसमोर वाचून घेतलं. द्वुमफूरनं मेंढी आणली, चांगली धष्टपुष्ट, आणि ती घराण्यानं खाल्ली. मला बसवलं. आता मी न्सुआसोच्या या घराण्याचा कारभारी आहे. कालच दोन भावांचा शेताच्या बांधावरचा तंटा मिटवला, आणि मिटवला तोही चांगला. हे सगळं तुला कळवणं मला भाग आहे.

आणि आता जे लिहितोय ते लिहायला मला पाच दिवस लागले. तुझं पत्र मी पेटीत ठेवू शकलो असतो. तिथं उभा राहून, माझ्या भाचीनं खरंच लिहिलं, असं म्हणू शकलो असतो. मूळ दुसऱ्याचं काढू नये असा नियम आहे, स्वतःचं सांगायला कुणाची मनाई नाही. हे मला तेव्हा उभ्या उभ्या सुचलंही होतं. पण माझ्या अंगावर ते कापड होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी तुझं पत्र पुढे केलं. मला सगळं आधीपासून माहीत होतं गं. माझी आई जाताना मला सांगून गेली. मी चाळीस वर्षं मूग गिळून बसलो, आणि मग त्यावर तुझी सही घेतली.

मेंढी शिजली त्या दिवशी मावशी जेवली नाही. तुझं पत्र अंगणात वाचलं जात होतं तेव्हा ती दाराशी येऊन बसली होती, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी तिनं मला बोलावलं. मला वाटलं, अभिनंदन करेल. ती म्हणाली, "क्वाकू, पोरीनं लिहिलंय ती बाई नव्हतीच. मग माझी आजी कोण होती?"

मी तीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. तिला दिलं ते हे. मी म्हणालो, मावशी, ते फक्त बैठकीपुरतं होतं. ती म्हणाली, "मला बैठकीचं काय करायचं? मी ते पोरीला दिलं होतं." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तुझं नाव काढलं तर आत उठून जाते.

तू इतिहास शिकतेस. मी तिला काय सांगू ते तूच कळव.

मामा


अक्रा
१२ मे १९७१

मामा,

सेफानं सरांना सांगितलं. लार्बी सरांनी मला खोलीत बोलावलं, आणि खरं काय ते सांग, म्हणाले. खरं सांगितलं असतं तर ते गावी गेलं असतं. मी म्हणाले, रचलं. त्यांनी माझा निबंध काढून समोर ठेवला. मग म्हणाले, इतकी वर्षं मी वर्गात लोकांना सांगत आलो की आपल्या घरांतली म्हातारी माणसं खोटं सांगत नाहीत, आता त्यांच्या नावानं आलेल्या कशावर मी विश्वास ठेवू? शून्य दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्याच वर्षाला बसायचं, पुन्हा इजिप्तपासून. हे होणारच होतं आणि त्याबद्दल मी रडलेही नाही. मला रडू आलं ते त्यांच्या शेवटच्या वाक्यानं, कारण आजी खोटं बोललेली नाही, आणि आता ते तिचंही खरं मानणार नाहीत.

मी आधी खरं विकलं आणि मग ते नाहीसं केलं. दोन्ही वेळा मला वाटलं मी चांगलंच करते आहे. तुम्ही स्वतःला फार बोल लावून घेऊ नका, तुमच्या हातात पत्र मी दिलं.

आजीला काय सांगायचं तुम्ही विचारलंत. खाली लिहिलंय ते तिच्यासाठी आहे.

"पोकुआ आजी, तुझ्या आजीचं नाव अझुमा होतं. सालागाला तिला विकत घेतलं तेव्हा तिचे दुधाचे दोन दात अजून पडायचे होते. ती या गावात आली आणि तिनं चार मुली वाढवल्या. ती आपल्या बोलीत एक ते दहा मोजायची, आणि तेवढीच तिची बोली घरात उरली. तू शेंगदाणे सोलताना अजूनही त्याच आकड्यांनी मोजतेस, आणि आम्ही लहानपणी तो खेळ समजायचो. हे मी निबंधात लिहिलं नाही, कारण मला वाटलं हा इतिहास नव्हे. ती बाई नव्हती असं मी लिहिलं ते खोटं आहे. ती होती. मी तिच्या मुलीच्या मुलीच्या मुलीची मुलगी आहे. तू मला दिलंस ते मी दोनदा टाकलं."

मामा, हे तुम्ही तिला वाचून दाखवा. दुसरं कुणी वाचलं तर तिला ते खरं वाटणार नाही. आजीला हल्ली उजव्या कानानं ऐकू येत नाही, तेव्हा तुम्हाला मोठ्यानं वाचावं लागेल, आणि अंगणात माणसं असतील. मला त्याचा अर्थ कळतो. तुम्ही वाचलं नाहीत तरी मी तुम्हाला विचारणार नाही.

आफुआ


न्सुआसो
६ जून १९७१

आफुआ,

तुझं पत्र मी नऊ दिवस खिशात घेऊन फिरलो. चर्चला गेलो, शेतावर गेलो, दोन मयतांना गेलो. मामीनं सदरा धुवायला मागितला तर दिला नाही. मग काल दुपारी वाचलं. मोठ्यानं. अंगणात सोळा माणसं होती, द्वुमफूरची बायको धरून.

अदुसेई आज सकाळी आला, आणि मला दंड करायचा म्हणाला. मी विचारलं, कुणाचं मूळ काढलं मी? म्हणाला, तुझं. मग दंड कुणाला द्यायचा, मला मीच? तो उद्या विचार करून येतो म्हणून गेला. काही का असेना, जागा गेलीच. शनिवारी द्वुमफूर बसेल. तो बांधांचे तंटे वाईट मिटवतो, आणि ते आता मला मरेपर्यंत बघावं लागेल. मला वाईट वाटत नाही असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. ती जागा मला हवी होती. पण काल रात्री मी पोटभर जेवलो.

लार्बी सरांनाही मी पत्र लिहून टाकलं आहे. तुझ्या शून्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. पोकुआ मावशी खोटं बोललेली नाही, एवढंच मला त्यांना कळवायचं होतं. तुझ्यासाठी रदबदली केलेली नाही, कारण निबंध तू लिहिलासच.

आता मावशीचं. तिनं पूर्ण ऐकलं. मोजण्याचं आलं तिथं तिनं हात वर केला आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मग सगळ्यांसमोर तिनं एक ते दहा मोजून दाखवलं, त्या बोलीत, आणि दारातल्या पोरांनी तिच्याबरोबर मोजलं, त्यांना ते येतंच. मी विचारलं, आफुआला काय कळवू? तुला माफ केलं असं ती म्हणेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "कागदावर काही कळवू नकोस. तिला इथं यायला सांग, आणि जे लिहिलं ते माझ्यासमोर बसून तोंडानं बोल म्हणावं."

तिकडून मंगळवारची बस सकाळी सहाला सुटते.

मामा